आजोबांची गुडगुडी आणि संग्रहालयाचे पाच प्रश्न

भालकी तालुक्यातील आमच्या जुन्या वाड्यात देवघराबाहेरच्या कोनाड्यात आजोबांची गुडगुडी असे. आजोबा गेले, तिची नळी व चिलीम कोठे तरी हरवली आणि खालचे काळे, घंटेच्या आकाराचे पात्र तेवढे राहिले. त्याच्या अंगावर चांदीची खसखशीची फुले होती. सायंकाळी आजी कोनाड्यात दिवा लावी, तेव्हा काळोखात ती फुले एकेक करून उमलल्यासारखी दिसत. पात्र ‘बहामनी बादशहाच्या वेळचे’ आहे, असे घरातील सर्वजण सांगत आणि ऐकणारेही ते मान्य करीत. विचारणार कोण?

१९५८ सालच्या दिवाळीची गोष्ट. घरातील तांब्या-पितळेची भांडी घासण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी सकाळपासून बसलो होतो. घागरी झाल्या, समया झाल्या. उत्साहाच्या भरात मी कोनाड्यातील गुडगुडीही खाली काढली. एवढा काळा मळ बसलेला पाहून मला तिची कीव आली होती. तासभर घासल्यावर काळेपणा निघाला आणि आतला करडा धातू दिसू लागला. मी विजयी मुद्रेने पात्र आजीपुढे ठेवले. तिने ते हाती घेतले, उजेडाकडे फिरवले आणि एवढेच म्हणाली, “अरे, फुले कुठे गेली?”

फुले गेली नव्हती. चांदी जागच्या जागीच होती. मात्र करड्या धातूवर पांढरी चांदी डोळ्यांना दिसेना. आजी रागावली नाही. तिने पात्र कोनाड्यात परत ठेवले. त्यानंतर त्यात कधी झेंडूची फुले, कधी मोरपिसे राहू लागली.

वाचकहो, हा घरगुती प्रसंग सांगण्याचे कारण असे की, त्या दिवशी मी नेमके काय घालविले हे समजण्यास मला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आणि ते समजले एका वस्तुसंग्रहालयात.

पाच प्रश्न

निवृत्तीनंतर एकदा परगावी मुलाकडे गेलो असता ती गुडगुडी पिशवीत घालून मी तेथील संग्रहालयात नेली. मनात सुप्त इच्छा होती ती किंमत जाणून घेण्याची, हे कबूल केले पाहिजे. तेथील अभिरक्षक बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी पात्र मऊ कापडावर ठेवले, भिंग लावून सर्व बाजूंनी पाहिले आणि वही उघडून मला पाच प्रश्न विचारले. काका, ही वस्तू आपल्या घरी कोठून आली? ती कोणाच्या हाताखाली होती? तिचा वापर कशासाठी व कोणत्या प्रसंगी होत असे? तो वापर केव्हा व का थांबला? आणि त्यानंतर तिच्यात कोणकोणते बदल झाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. दुसऱ्याचे निम्मे ठाऊक होते. तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांची उत्तरे आजीला नक्की ठाऊक असणार. पण ती जाऊन तीस वर्षे झाली होती आणि ती असताना विचारावे असे मला कधी सुचले नव्हते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी तपशीलवार देऊ शकलो. ते ऐकून बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिले: ‘सुमारे १९५८, चिंच व राखेने घासले.’ माझ्या अपराधाची नोंद एवढ्या गंभीरपणे घेतली गेलेली पाहून मला विचित्र समाधान वाटले.

‘अभिरक्षक’ हा शब्द उच्चारला की किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा पहारेकरी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात जपणूक हा त्या कामाचा पहिला भाग होय. वस्तू काय आहे, कोणी व कशी घडविली, तिच्यासारख्या इतर वस्तू कोठे आहेत, तिच्याविषयी जे सांगितले जाते त्यातील खरे किती, याचा शोध हा दुसरा भाग; आणि तो शोध शाळकरी मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाला समजेल अशा रीतीने पोहोचविणे हा तिसरा. पहिला भाग झाला आणि उरलेले दोन झाले नाहीत, तर संग्रहालयाचे कोठार होते. आमच्या घराचे तसेच झाले होते.

काळेपणाचे मोल

बिदरी काम आपल्या बीदर शहराच्या नावाने जगभर ओळखले जाते. पण ते कसे होते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले नसते. म्हणून थोडक्यात सांगतो.

बिदरीचा मूळ धातू म्हणजे जस्त, आणि त्यात थोडेसे तांबे. जस्ताचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक असतो. मातीत एरंडेल व राळ मिसळून साचा करतात, त्यात हा रस ओततात आणि निघालेले ओबडधोबड पात्र कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि लोखंडी टोचणीने काढलेली नक्षीची रेघ स्पष्ट दिसते. कसलेला कारागीर ही नक्षी कागदाच्या आधाराविना, केवळ हाताने काढतो. त्या रेघांवर छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवितात. तारेच्या कामाला ‘तारकशी’ म्हणतात आणि पत्रा खोल बसविण्याच्या कामाला ‘तहनिशान’. ‘आफताबी’ नावाच्या प्रकारात पृष्ठभागावर चांदीचा पत्रा बसवून त्यातूनच नक्षी कापून काढतात, त्यामुळे चांदीच्या पार्श्वभूमीवर काळी फुले दिसतात.

यानंतर पात्र पुन्हा घासून काढतात. मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि चांदी व जस्त दोन्ही एकाच पांढुरक्या रंगात मिसळून जातात. म्हणजे माझ्या चिंचेने जे केले ते कारागिराच्या कामात एक मधली पायरी म्हणून येतेच! त्या घटकेला पाहणाऱ्याला पात्रावर काही काम केले आहे असेही वाटणार नाही.

खरी किमया यापुढची. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या बांधकामांखालची, वर्षानुवर्षे ऊन व पाऊस न लागलेली माती आणून ती नवसागरासह पाण्यात उकळतात. कारागीर ही माती जिभेवर ठेवून पारखतात. तिच्यात सोऱ्याचा अंश असतो. कोमट केलेले पात्र या पाण्यात बुडवून त्याने चोळले की जस्ताचा धातू गडद काळा होतो आणि चांदी मात्र जशीच्या तशी राहते. शेवटी तेलाचा हात फिरविला की काळोखातून चांदणे वर येते. एकच पाणी दोन धातूंना लागते, एकाला रंगविते आणि दुसऱ्याला शिवत नाही. सारी कला या भेदावर उभी आहे.

यावरून वाचकांच्या लक्षात येईल की, बिदरीचा काळेपणा हा मळ नाही. ते कारागिराच्या कामाचे अखेरचे आणि सर्वांत नाजूक अंग आहे. आंबट पदार्थ व खरबरीत घासणी हे त्याचे शत्रू. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे आणि फार तर क्वचित तेलाचे बोट फिरविणे एवढीच त्याची निगा. ही दोन वाक्ये १९५८ साली मला कोणी सांगितली असती तर!

दंतकथा आणि पुरावा

संग्रहालयातील बाईंनी मला पुढे जे समजावून सांगितले, त्यातून संशोधन म्हणजे काय याची कल्पना आली. ‘बहामनी बादशहाच्या वेळचे’ हा आमचा घरगुती दाखला त्यांनी एका वाक्यात, पण अतिशय सौम्यपणे बाजूला ठेवला. हुक्क्याच्या पात्रांचे आकार काळानुसार बदलत गेले आहेत. सतराव्या शतकातील पात्रे बहुधा चेंडूसारखी गोल असत आणि खाली कड्यावर ठेवावी लागत. घंटेसारखा, आपल्या बुडावर उभा राहणारा आकार अठराव्या शतकात रूढ झाला. हे कळले कशावरून? दरबारी लघुचित्रांत सरदारांच्या शेजारी हुक्के रंगविलेले असतात. चित्राचा काळ ठाऊक असेल तर त्यातील पात्राचा आकारही काळाशी बांधता येतो. बिदरीच्या वस्तूंवर साल किंवा कारागिराचे नाव क्वचितच आढळते. त्यामुळे असे आडमार्गाने जावे लागते.

बिदरीच्या जन्माविषयीही असेच आहे. इराणातून आलेल्या कारागिराने बहामनी सुलतानांच्या आश्रयाने ही कला बीदरला रुजविली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असेलही. अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली. इराणी विद्वान व कलावंत तेथे येत होते. महमूद गावानचा १४७२ सालचा मदरसा आजही त्याची साक्ष देत उभा आहे. तथापि आज उपलब्ध असलेल्या बिदरी वस्तूंपैकी सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या वस्तू सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या व सतराव्या शतकाच्या आहेत. कथा आणि वस्तू यांच्यामध्ये हे अंतर आहे. अभ्यासक ते लपवीत नाही आणि कथेची टवाळीही करीत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यास विचार करू देतो.

किल्ल्यातील रंगीन महालात अली बरीदशहाच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकात, काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली नक्षी आहे. ती पाहताना बिदरीची आठवण हटकून येते. हे साम्य योगायोगाचे, की एकाच अभिरुचीची ही दोन रूपे, असा प्रश्न तेथे उभ्या राहणाऱ्या मुलाला कोणी विचारला, तर त्याची सहल सार्थकी लागेल.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. ‘बिदरी’ असे लिहिलेली प्रत्येक वस्तू बीदरची असतेच असे नाही. ही कला पुढे लखनौ, मुर्शिदाबाद आणि बिहारातील पूर्णिया येथेही पोहोचली व तेथील कारागिरांनी तिला आपले वळण दिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरीचा मोठा संग्रह आहे. १८५१ सालच्या तेथील जगप्रसिद्ध प्रदर्शनात या वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपीय रसिकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. त्या संग्रहाची अभ्यासपूर्ण सूची सुसान स्ट्राँज यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर दोनच वर्षांनी तेथील वस्तूंच्या धातूचे रासायनिक परीक्षणही प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील बिदरी दालन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच शहरातील जगदीश व कमला मित्तल यांच्या संग्रहालयाने आपल्याकडील बिदरीची सूची २०११ साली ग्रंथरूपाने काढली. आपल्या भागापुरते बोलायचे तर निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर १९४७ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासकांस टाळता येत नाही.

एका काळ्या पात्राकडे इतक्या जणांनी इतकी वर्षे निरखून पाहिले आहे, आणि ज्याच्या घरच्या कोनाड्यात ते होते, त्याने मात्र त्याकडे मळलेले भांडे म्हणून पाहिले!

जुन्यात नवे

कोणी म्हणेल, हे सर्व जुन्या वस्तूंचे झाले. आजच्या कलेचा येथे काय संबंध? याचे उत्तर मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आपल्या परीने दिले आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची सध्याची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. १९७५ साली तिला डॉक्टरांचे नाव देण्यात आले. कालांतराने तिला अवकळा आली. पुढे महानगरपालिका व खासगी संस्था यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. २००५ साली त्या कामास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर तेथे एक वेगळी प्रथा सुरू झाली. हयात असलेल्या कलावंतांना संग्रहालयात बोलावून, तेथील जुन्या वस्तूंचा अभ्यास करून नव्या कृती घडविण्यास सांगण्यात आले आणि त्या कृती जुन्या कपाटांच्या शेजारी मांडण्यात आल्या. कलेचा इतिहास व अभिरक्षणाचे शास्त्र शिकविणारा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही तेथे चालविण्यात आला. मुलांसाठी कार्यशाळा, प्रौढांसाठी व्याख्याने, मराठी व इंग्रजीतून माहितीफलक, असा तो सारा व्याप होता. कलाकेंद्र म्हणतात ते याला. जुन्या वस्तूला आजचा प्रश्न विचारणारा आणि आजच्या कलावंताला जुन्या वस्तूपुढे बसविणारा तो दुवा असतो.

बिदरीला तर हा दुवा अधिकच लागू पडतो, कारण ती मुळात जुनी झालेलीच नाही. बीदरमध्ये चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून आजही हातोडीचा ठोका ऐकू येतो. २००६ साली बिदरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. २०२३ साली बीदरचे बिदरी कलावंत शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री प्रदान झाली. नावाला संरक्षण आणि हाताला सन्मान, दोन्ही योग्यच झाले. पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला शिक्षण कोण देणार? ग्राहकाला तारकशी व तहनिशान यांतील फरक कळत नसेल, तर महिनाभराचे काम आणि आठवड्याचे काम त्याला एकसारखेच दिसणार. तो स्वस्त वस्तू उचलणार. आणि उद्या महिनाभराचे काम करणारा हात आपल्या मुलाला तो धंदा शिकविणार नाही. लोकशिक्षणाचा प्रश्न हा असा थेट कारागिराच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

भिंतीवरचा शेजारी

बीदरच्या कोनाड्यात जशी गुडगुडी, तशी कलबुर्गीच्या, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याच्या, घराघरांतील भिंतींवर दिनदर्शिकेतील चित्रे. त्यांतील कित्येक एस. एम. पंडित यांची असत. पंडितांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्याचाच. तेथील शाळेत हाती कुंचला धरलेला हा मुलगा पुढे मुंबईस जे. जे. कलाशाळेत शिकला. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे व चित्रपटांची भित्तिपत्रके यांनी त्याला नाव मिळवून दिले, आणि पौराणिक विषयांवरील त्याची तैलचित्रे दिनदर्शिकांच्या रूपाने देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. उत्तरायुष्यात पंडित आपल्या गावी परतले आणि १९९३ साली त्यांचे निधन झाले.

वर्ष संपले की दिनदर्शिकेचा तारखांचा भाग फाडून चित्राला चौकट करण्याची पद्धत आपल्याकडे होती. आमच्या आत्याच्या घरी अशा एका चित्राला रोज फूल वाहिले जाई. त्याच्या कोपऱ्यातील सही वाचण्याचे कोणाच्या मनात आले नाही. चित्र देवाचे, त्याला चित्रकार असतो हे ध्यानी यायचे कसे? पुढे वाळवी लागली, नवी चित्रे आली आणि जुनी विसर्जित झाली. कलेच्या अभ्यासकांनीही या चित्रांना फार काळ ‘बाजारू’ म्हणून दूर ठेवले. रविवर्म्याच्या छापखान्यापासून सुरू झालेली ही परंपरा कोट्यवधी लोकांच्या मनातील देवदेवतांचा चेहरा घडविते, म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे, हा विचार अलीकडच्या दशकांत रुजला. तोवर घरोघरीचा केवढा तरी संग्रह राखेत किंवा पाण्यात गेला होता.

कलबुर्गीत आज पंडितांच्या नावाचे रंगमंदिर आहे. तेथे नाटक पाहण्यास, सत्कार-समारंभास आपण जातो. बाहेर पडताना एखाद्या मुलाने विचारले, “हे पंडित कोण?”, तर किती जणांना उत्तर देता येईल? नाव भिंतीवर कोरणे सोपे आहे. त्या नावामागील चित्र मुलाच्या डोळ्यांत उतरविणे हे कलाशिक्षण होय.

आपल्या मुलखाचे काम

१९५६ साली हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. नाती दोन्हीकडे राहिली आणि घरातील वस्तूही दोन्हीकडे विखुरल्या. या भागात कन्नड, मराठी, दखनी उर्दू व तेलुगू या चार भाषा एकाच बाजारात नांदतात. बिदरीचा कारागीर नक्षीचे नाव फारसीत घेतो, मातीचे वर्णन दखनीत करतो आणि गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलतो. तेव्हा या कलेची हकीकत कोणत्याही एका भाषेच्या कपाटात बंद होणारी नाही, आणि कोणत्याही एका समाजाने तिच्यावर मालकी सांगण्याजोगी नाही.

मोठे कलाकेंद्र उभारण्यास पैसा लागतो, सरकारी मान्यता लागते, वर्षे लागतात. ते व्हावेच. कलबुर्गीत चित्रकलेचे उच्च शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, बीदरला कारागीर आहेत. त्यांची भेट घडविणारी जागा दोन्ही जिल्ह्यांना हवी आहे. पण त्या जागेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कलाकेंद्रात पुढे जे संशोधन व्हायचे त्याचा कच्चा माल आपल्या घरांत आहे, आणि तो दरवर्षी कमी होत आहे. वस्तू एक वेळ राहतात; त्यांच्याविषयी सांगणारी माणसे जातात.

यासाठी फार मोठे पांडित्य नको. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे घरी आली की त्यांच्या हाती एक वही द्यावी आणि आजी-आजोबांना, आत्या-काकांना ते पाच प्रश्न विचारण्यास सांगावे. पानदान असो, सुरई असो, चौकटीतील जुने चित्र असो, लग्नातील पैठणी असो. ती कोठून आली, कोणाची होती, कशासाठी वापरली, वापर का थांबला, पुढे तिचे काय झाले. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे. कल्पनेने बादशहाचे नाव घालू नये. ज्या भाषेत सांगणारा बोलतो त्याच भाषेत लिहावे. शाळेतील शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा चौबाऱ्यापाशी नेऊन धातू ओतताना, तार ठोकताना आणि काळेपणा चढताना दाखवावा. एकदा पाहिलेले मूल आयुष्यात बिदरीला चिंच लावणार नाही, याची मी स्वानुभवाने हमी देतो.

फुले परत येतात

गुडगुडीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितले होते की, ही वस्तू संग्रहालयात दाखल झाली असती तर त्यांनी तिला पुन्हा काळे केले नसते, कारण झीज हाही एक पुरावा असतो. पण घरची वस्तू घरातच राहणार असेल तर निर्णय घराचा. मात्र आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि जे ठाऊक आहे ते लिहून काढा.

मी तसे केले आणि पात्र घेऊन बीदरला गेलो. एका वयोवृद्ध कारागिराने, सगळे ज्यांना चाचा म्हणतात, ते हाती घेऊन बराच वेळ फिरविले. एका फुलाच्या पाकळीतील चांदी कधी तरी पडून गेली होती. ती नव्याने भरावी काय, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. त्यांनाही ते पटल्याचे दिसले. मग त्यांनी किल्ल्यातील मातीचे पाणी उकळले, पात्र कोमट केले आणि चोळण्यास सुरुवात केली. माझी नात शेजारी उकिडवी बसून पाहत होती. काही क्षणांतच करडा धातू काळवंडला आणि त्यातून एकेक फूल वर आले. पडलेली पाकळी तेवढी काळी राहिली.

“आजोबा, ही फुले आधी का दिसत नव्हती?” नातीने विचारले.

मी तिला १९५८ सालची दिवाळी सांगितली. परतल्यावर तिनेच आपल्या अक्षरात एका चिठ्ठीवर सर्व लिहिले: कोणाची गुडगुडी, कोणी घासली, कोणत्या साली पुन्हा काळी केली, आणि पहिल्या प्रश्नापुढे ‘ठाऊक नाही’. ती चिठ्ठी घडी करून पात्राच्या आत ठेवली आहे. झेंडू आणि मोरपिसे आता दुसऱ्या भांड्यात असतात.